स्पीकर ठेवावा कुठे?

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेत गणिताच्या एका बाईंचा निरोप-समारंभ होता. आदल्या दिवशी सायंकाळी आम्ही दोघे-तिघे शिक्षक सभागृहात ध्वनियंत्रणेची चाचणी घ्यायला जमलो. एकाने मायक्रोफोनपुढे उभे राहून वर्तमानपत्र वाचले, मी मागच्या भिंतीशी जाऊन ऐकले. आवाज मोठा होता, पण शब्द कळेना. सगळा काला झाला होता. ‘मागे आवाज कमी पडतो आहे’ असे निदान मी केले, आणि कोणाला ते खोडून काढावेसे वाटले नाही. लगेच आणखी दोन स्पीकर आणवले आणि मागच्या भिंतीवर, व्यासपीठाकडे तोंड करून, टांगून टाकले.

दुसऱ्या दिवशी सभागृह गच्च भरले. बाई वीस मिनिटे बोलल्या. पुढच्या चार-पाच रांगांतले लोक हसत होते, मध्येच डोळे पुसत होते. मागच्या रांगांतले लोक एकमेकांकडे पाहत होते. समारंभ संपल्यावर दहावीतला एक मुलगा माझ्याजवळ आला आणि म्हणाला, “सर, बाई काय म्हणाल्या?” भाषणाचे ध्वनिमुद्रण करून ठेवावे हे आमच्यापैकी कोणालाही सुचले नव्हते.

स्पीकर चांगले होते, मायक्रोफोन चांगला होता, बाईंचा आवाज तर खणखणीत. मग चुकले कुठे? हे समजून घ्यायचे तर एकदम सभागृहात शिरून चालणार नाही. आधी तुमच्या-आमच्या घरातल्या दहा बाय बाराच्या खोलीत जाऊ. तिथे जे घडते तेच सभागृहात मोठ्या मापाने घडते. शिवाय खोलीत प्रयोग करायला कोणाची परवानगी लागत नाही (आईची सोडून).

एका मिलिसेकंदाला एक फूट

आपल्याकडच्या साधारण तापमानाला हवेतून ध्वनी सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो. म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागात, एका मिलिसेकंदात, साडेचौतीस सेंटिमीटर. फुटाहून जरासे जास्त. ‘एका मिलिसेकंदाला एक फूट’ एवढे लक्षात ठेवले तरी या लेखातली बरीचशी गणिते तोंडी सुटतील.

दुसरी गोष्ट तरंगलांबीची. कंप्रता गुणिले तरंगलांबी म्हणजे वेग, हे सूत्र तुम्हाला पाठ आहेच. १०० हर्ट्झच्या खर्जातल्या स्वराची तरंगलांबी ३.४५ मीटर येते, म्हणजे जवळजवळ खोलीएवढी. १०,००० हर्ट्झच्या ध्वनीची येते ३.४५ सेंटिमीटर, म्हणजे तुमच्या अंगठ्याच्या लांबीच्या आतबाहेर. एकाच स्पीकरमधून हे दोन्ही ध्वनी एकाच वेळी बाहेर पडतात, पण त्यांचे खोलीतले वागणे अगदी निराळे. आखूड तरंग टॉर्चच्या झोतासारखे समोर जातात आणि मध्ये कपाट आले की अडतात. लांब तरंगांना कपाटाची पर्वा नसते; ते त्याला वळसा घालून जातात, इतकेच काय, स्पीकरच्या खोक्यालाही वळसा घालून त्याच्या पाठीमागे पोहोचतात. स्पीकरचे तोंड कुठे आहे हे खर्जातल्या स्वरांना ठाऊकच नसते म्हणा ना.

कोनाड्यातला रेडिओ

माझ्या लहानपणी आमच्या वाड्यातल्या घरी रेडिओ कोनाड्यात ठेवलेला असे. बातम्या देणारे गृहस्थ रांजणात तोंड घालून बोलत आहेत असे वाटायचे. आजोबा म्हणत, सेट जुना झाला. पुढे एका दिवाळीत घराला रंग काढताना रेडिओ कोनाड्यातून निघाला आणि माजघरातल्या टेबलावर आला. त्यानंतर महिनाभर घरात जो येई तो विचारी, “नवा घेतलात वाटतं?”

झाले काय होते? गुळगुळीत भिंत हा ध्वनीचा आरसाच. स्पीकर भिंतीला टेकवून ठेवला की भिंतीपलीकडे त्याची एक प्रतिमा तयार होते, आणि ऐकणाऱ्याला दोन स्पीकर वाजल्यासारखा परिणाम जाणवतो. आता तो भिंतींच्या कोपऱ्यात, जमिनीवर ठेवा. दोन भिंती आणि जमीन मिळून परस्परांना काटकोनात असलेले तीन आरसे झाले. तीन आरशांच्या कोपऱ्यात वस्तूच्या किती प्रतिमा दिसतात? सात. म्हणजे एक खरा आणि सात आरशातले असे आठ स्पीकर वाजू लागले! पण गंमत अशी, की हे आठही जण एका तालात फक्त लांब तरंगांच्या बाबतीतच वाजतात. कारण स्पीकर आणि त्याच्या प्रतिमा यांच्यातले अंतर त्या तरंगांच्या मानाने नगण्य असते. आखूड तरंगांना तेच अंतर मोठे असते. तिथे कोणी पुढे, कोणी मागे अशी पावले पडतात आणि बेरीज होत नाही. परिणामी कोपऱ्यातला स्पीकर खर्ज बेसुमार वाढवतो; शब्दांतले स, त, क हे उच्चार मात्र होते तेवढेच राहतात आणि त्या घुमण्याखाली दबून जातात. कोनाडा तर कोपऱ्याच्याही पुढचा. तीन बाजू, तळ आणि पाठ अशी त्याची पेटीच होते, आणि तिचे स्वतःचे घुमणे त्यात मिसळते.

मग स्पीकर भिंतीपासून लांब ठेवला की प्रश्न मिटला? नाही, तिथे दुसराच प्रश्न वाट पाहत असतो. समजा स्पीकर मागच्या भिंतीपासून ८६ सेंटिमीटरवर ठेवला. वळसा घालून मागे गेलेला तरंग भिंतीपर्यंत ८६ आणि परत ८६, असा १७२ सेंटिमीटरचा जादा प्रवास करून पुढे येतो. १०० हर्ट्झच्या तरंगाची ही बरोबर अर्धी लांबी! थेट आलेल्या तरंगाचा उंचवटा आणि परावर्तित तरंगाची दरी एकाच वेळी कानाशी येतात आणि एकमेकांना बरेचसे खाऊन टाकतात. भिंत थोडा ध्वनी गिळते, म्हणून संपूर्ण शांतता होत नाही. पण तेवढा एक स्वर गाण्यात खोल गेल्यासारखा वाटतो. अंतर बदलले की खाल्ला जाणारा स्वर बदलतो. म्हणून मागची भिंत, बाजूची भिंत आणि जमीन या तिघांपासून स्पीकरचे अंतर सारखे असू नये. सारखे असेल तर तिघे मिळून एकाच स्वराच्या मागे लागतात.

खोलीला स्वतःचे स्वर असतात

आता या सगळ्यातला सर्वांत रंजक भाग. बासरीतल्या हवेला जसे तिचे ठरलेले स्वर असतात, तसे खोलीतल्या हवेलाही असतात. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ज्या तरंगाची अर्धी लांबी बरोबर मावते, तो तरंग दोन्हीकडून परावर्तित होऊन स्वतःवरच पडत राहतो आणि अप्रगामी तरंग तयार होतो. त्याच्या दुप्पट, तिप्पट कंप्रतेचेही तसेच. दहा फूट म्हणजे ३.०५ मीटर, ३४५ ला ६.१ ने भागा, सुमारे ५७ हर्ट्झ येतात. त्याची पटीतली भावंडे ११३ आणि १७० हर्ट्झ. बारा फुटांच्या बाजूचे असेच काढलेत तर ४७, ९४, १४१. काळी एक पट्टीत गाणाऱ्याचा षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा असतो, म्हणजे या १४१ ला अगदी खेटून. अशा खोलीत रियाज करणाऱ्याला आपला षड्ज फार भरदार लागतो असे वाटले, तर त्यातले थोडे श्रेय भिंतींना द्यावे लागेल.

खोलीची उंचीही दहा फूट असेल तर ५७ हर्ट्झचा स्वर दोन दिशांनी घुमतो. लांबी, रुंदी, उंची तिन्ही सारखी असलेली खोली तर ऐकण्याच्या दृष्टीने सर्वांत वाईट, कारण तिन्ही दिशांचे स्वर एकावर एक येऊन बसतात.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण परीक्षेतही तिथे गोंधळ होतो. बंद टोकाशी निस्पंद असतो असे पुस्तकात लिहिलेले असते, आणि ते खरे आहे. भिंतीला लागून असलेले हवेचे कण हलूच शकत नाहीत. पण तो निस्पंद कणांच्या हालचालीचा. दाबाचे उलट असते. जिथे कण हलत नाहीत तिथेच हवा सर्वांत जास्त दाबली आणि विरळ केली जाते. आपला कान दाबातले बदल टिपतो. त्यामुळे अप्रगामी तरंग भिंतीशी सर्वांत मोठा ऐकू येतो आणि मूळ स्वराच्या बाबतीत खोलीच्या बरोबर मध्यभागी जवळजवळ नाहीसा होतो.

हे पडताळून पाहा. मोबाइलवर हव्या त्या कंप्रतेचा स्वर वाजवणारी साधने फुकट मिळतात. मात्र मोबाइलच्या स्वतःच्या चिमुकल्या स्पीकरला इतका खालचा स्वर काढता येत नाही, तेव्हा तो एखाद्या बऱ्यापैकी मोठ्या स्पीकरला जोडा. स्पीकर कोपऱ्यात ठेवा, तुमच्या खोलीच्या मापाने काढलेली कंप्रता लावा, आवाज बेताचा ठेवा आणि एका भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत हळूहळू चालत जा. स्वर मोठा होतो, विरतो, पुन्हा मोठा होतो. उत्तर नीट जुळले नाही तर कंप्रता दोन-चार हर्ट्झ इकडेतिकडे करून पाहा. दारे-खिडक्या आणि पातळ फळ्या आकड्यांना थोडे सरकवतात. भिंतीवरचे विरण्याचे ठिकाण खडूने खुणावून दोन खुणांमधले अंतर मोजलेत, तर अर्धी तरंगलांबी हातात येईल आणि तिच्यावरून ध्वनीचा वेगही. शिक्षकांनी वर्गात हा प्रयोग जरूर करावा. मुलांना खोलीत चालत जाऊन तरंग ‘सापडतो’ याचे फार नवल वाटते.

यावरून दोन गोष्टी निघतात. ऐकणाऱ्याने खोलीच्या ऐन मध्यावर बसू नये, आणि भिंतीला पाठ टेकूनही बसू नये. बारा फूट लांब खोलीत मागच्या भिंतीपासून साधारण साडेचार फुटांवर खुर्ची ठेवून सुरुवात करावी. हा काही कायदा नव्हे, केवळ बरे ठिकाण.

खुर्चीवर स्पीकर, जमिनीवर आपण

बसायची जागा ठरली. आता स्पीकरची जागा? प्रत्येक ठिकाणी स्पीकर नेऊन ठेवायचा, परत खुर्चीवर येऊन ऐकायचे, पुन्हा उठायचे, यात रविवार जाईल. निसर्गाने इथे एक सोयीचा नियम करून ठेवला आहे. उगम आणि श्रोता यांनी जागांची अदलाबदल केली, तरी श्रोत्याला पोहोचणारा ध्वनी बदलत नाही. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८६० मध्ये ध्वनीच्या बाबतीत हे दाखवले आणि पुढे लॉर्ड रॅले यांनी त्याला व्यापक रूप दिले. लहान आणि सर्व दिशांना सारखाच ध्वनी सोडणाऱ्या उगमाला हा नियम नेमका लागू पडतो. खर्जाच्या बाबतीत कोणताही खोकेवजा स्पीकर तसाच असतो, हे आपण पाहिलेच.

तेव्हा स्पीकर खुर्चीवर, आपले डोके असते तिथे, ठेवून द्या. डग्ग्याचे ठळक काम असलेले एखादे तबलावादन लावा. आणि मग ज्या ज्या ठिकाणी स्पीकर ठेवणे शक्य आहे तिथे स्वतः जाऊन, स्पीकरच्या उंचीवर कान नेऊन ऐका. लहान स्टुलावर ठेवायचा असेल तर गुडघ्यांवर रांगावे लागेल. एका ठिकाणी डग्गा नुसता घुमेल, दुसऱ्या ठिकाणी लाकडी फळीसारखा कोरडा वाजेल. जिथे त्याची घुमक आणि थापेची कड दोन्ही स्वच्छ कळतील, तिथे खूण करा आणि स्पीकर तिथे ठेवून पुन्हा खुर्चीवर बसा. मी हा प्रयोग प्रथम केला तेव्हा शेजारचे काका चहाला म्हणून आले आणि मला जमिनीवर कान लावून फिरताना पाहून काही न बोलता परत गेले.

दोन स्पीकर आणि एक आरसा

स्पीकर दोन असतील, म्हणजे स्टीरिओ असेल, तर आणखी थोडा विचार करावा लागतो. दोन वाहिन्यांनी ध्वनिमुद्रण करून समोर जणू रंगमंचच उभा करायचा, ही कल्पना अ‍ॅलन ब्लुमलाइन या इंग्रज अभियंत्याने १९३१ मध्ये पेटंटासाठी मांडली. तिचा पाया आपल्या दोन कानांत आहे. उजवीकडून आलेला आवाज डाव्या कानाशी उशिरा पोहोचतो. हा उशीर फार तर ०.६ ते ०.७ मिलिसेकंद. एवढ्यावरून मेंदू दिशा ओळखतो. दोन्ही स्पीकरमधून सारखाच आवाज एकाच वेळी आला, तर गायक दोघांच्या बरोबर मध्ये, जिथे काहीच ठेवलेले नाही तिथे, उभा असल्याचा भास होतो.

हा भास फार नाजूक आहे. दोन स्पीकर आणि तुम्ही मिळून समभुज त्रिकोण करा. आता खुर्ची फूटभर उजवीकडे सरकवा. भूमितीने पाहिलेत तर उजवा स्पीकर सुमारे अर्धा फूट जवळ आला आणि डावा अर्धा फूट लांब गेला. एकूण फरक फुटाचा, म्हणजे जवळजवळ एका मिलिसेकंदाचा. तेवढ्याने गायक मधली जागा सोडून थेट उजव्या स्पीकरमध्ये जाऊन बसतो! दोन्ही स्पीकर एकाच टेबलावर एकमेकांना चिकटवून ठेवणाऱ्यांच्या घरी तर तो जन्मभर एकाच जागी असतो. (सगळे मापात असूनही गायक सापडत नसेल आणि खर्ज गेल्यासारखा वाटत असेल, तर एका स्पीकरच्या तांबड्या-काळ्या तारा उलट जोडल्या गेल्या आहेत का ते पाहा. एकाचा पडदा पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जात असतो.)

बाजूच्या भिंतींवरून येणारी परावर्तनेही चित्र पुसट करतात. नेमकी कोणती जागा त्रास देते हे शोधायला आपाती कोन आणि परावर्तन कोन यांचा नियम पुरे. तुम्ही खुर्चीवर बसा. मित्राला एक आरसा घेऊन बाजूच्या भिंतीला लावून, तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर, हळूहळू सरकवायला सांगा. ज्या ठिकाणी आरशात स्पीकर दिसेल, तिथूनच त्याचा आवाजही तुमच्याकडे उसळतो आहे. तिथे जाडशी गोधडी टांगा किंवा पुस्तकांची मांडणी ठेवा. गोधडी खर्जाला फारशी अडवत नाही, पण वरच्या स्वरांचे परावर्तन चांगले शोषते.

आता सभागृहात

खोलीतली अंतरे काही फुटांची, उशीर काही मिलिसेकंदांचे. आमचे सभागृह २० मीटर लांब, १० मीटर रुंद आणि ५ मीटर उंच आहे. मागून तिसऱ्या-चौथ्या रांगेत बसलेल्या त्या मुलाचे गणित करू. मागच्या भिंतीवरचा स्पीकर त्याच्यापासून ३ मीटरवर. तिथून शब्द ९ मिलिसेकंदांत आला. व्यासपीठाजवळचे मोठे स्पीकर १७ मीटरवर. तोच शब्द तिथून ४९ मिलिसेकंदांनी आला. फरक ४० मिलिसेकंदांचा.

एवढा उशीर चालतो की नाही? हेल्मुट हास यांनी गॉटिंगेन येथे याचाच अभ्यास केला आणि १९४९ मध्ये तो प्रबंध म्हणून सादर केला. त्यांना आढळले, की दोन स्पीकरमधून एकच बोलणे आले आणि दुसऱ्याला साधारण ५ ते ३० मिलिसेकंद उशीर झाला, तर ऐकणाऱ्याला दोन आवाज ऐकू येत नाहीत. दोन्ही मिळून एकच, अधिक मोठा आवाज वाटतो, आणि तोही जो आधी पोहोचला त्याच्या दिशेने. मागाहून येणारा बराच मोठा असला तरीही! मेंदू पहिल्याला मान देतो. पण उशीर याहून वाढत गेला की ही मिळवणी बिघडू लागते, आणि ५० मिलिसेकंदांच्या आसपास दुसरा आवाज वेगळा होऊन पहिल्यावर आदळू लागतो. आमचे ४० मिलिसेकंद या उंबरठ्यावरच होते. एखाद्या व्यंजनाचा उच्चार तेवढ्याच वेळात होऊन जातो. म्हणजे मागच्या स्पीकरमधला ‘त’ संपतो न संपतो तोच पुढच्या स्पीकरचा ‘त’ पुढच्या अक्षरावर येऊन बसत होता. भरीला मागच्या स्पीकरची तोंडे व्यासपीठामागच्या उघड्या भिंतीकडे. तिथे आपटून परत आलेला आवाज त्या मुलाला सुमारे १०० मिलिसेकंद उशिरा, चक्क प्रतिध्वनी म्हणून मिळत होता. पुढच्या रांगांना मात्र पुढचा स्पीकर जवळ आणि मोठा असल्याने काही जाणवले नाही.

पण मग आदल्या दिवशी, मागचे स्पीकर नसतानाही, शब्द का कळले नव्हते? याचे उत्तर रिकाम्या खुर्च्यांत होते. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात १८९५ मध्ये नव्या व्याख्यानगृहात बोललेला शब्द सुमारे साडेपाच सेकंद रेंगाळत असे, आणि व्याख्यान कोणालाच कळत नसे. वॉलेस सेबाइन या तरुण प्राध्यापकाकडे हे काम आले. शेजारच्या नाट्यगृहातल्या गाद्या रात्री आणायच्या, व्याख्यानगृहात पसरायच्या, निनाद किती सेकंदांत विरतो ते मोजायचे आणि सकाळपूर्वी गाद्या परत नेऊन ठेवायच्या, असे त्यांनी केले. त्यातून निघालेले सूत्र आजही वापरतात: निनादकाल म्हणजे ०.१६१ गुणिले खोलीचे घनफळ, भागिले एकूण शोषण. शोषण मोजायचे एकक त्यांनी कोणते घेतले असेल? उघडी खिडकी! तिच्यातून गेलेला ध्वनी परत येत नाही, म्हणून एक चौरस मीटर उघडी खिडकी म्हणजे एक एकक.

आमच्या सभागृहाचे घनफळ १००० घनमीटर. भिंती, छत आणि जमीन मिळून ७०० चौरस मीटर. गिलाव्याचे शोषण शेकडा ३ धरले तर २१ एकके. उघड्या खिडक्या साधारण १५. एकूण ३६. निनादकाल येतो १६१ भागिले ३६, म्हणजे जवळजवळ साडेचार सेकंद. यात कोणाचे बोलणे कळावे? आता ३०० माणसे बसवा. एक माणूस कपड्यांसकट सुमारे ०.४ एकक शोषतो. १२० एकके वाढली. निनादकाल उतरतो एका सेकंदावर. म्हणजे दुसऱ्या दिवशी श्रोतेच सभागृह दुरुस्त करून देणार होते. रिकाम्या सभागृहात ऐकून मी जे औषध दिले, त्याची गरजच नव्हती, आणि भरलेल्या सभागृहात त्यानेच अपाय केला.

मागे स्पीकर लावणे हे मुळातच चूक असे मात्र समजू नका. लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला अशीच दूरदूर स्पीकर लावण्याची योजना झाली. त्या घुमटाखाली शब्द कित्येक सेकंद रेंगाळतो. तिथे दूरच्या स्पीकरना जाणारे बोलणे फिरत्या चुंबकीय चकतीवर मुद्रित करून काही क्षणांनी उचलले जाई. त्यामुळे वक्त्याकडचा आवाज आधी आणि जवळच्या स्पीकरचा किंचित मागाहून येई, आणि हास यांनी सांगितल्याप्रमाणे ऐकणाऱ्याला सगळे बोलणे वक्त्याकडूनच आल्यासारखे वाटे. आज हा उशीर छोट्या इलेक्ट्रॉनिक यंत्रात आकडा टाकून देता येतो. आमच्या मागच्या स्पीकरना असा सुमारे ५० ते ६० मिलिसेकंदांचा उशीर दिला असता तर ते उपयोगी पडले असते. ते यंत्र आमच्याकडे नव्हते; आणि खरे सांगायचे तर त्याची गरज आहे हेही ठाऊक नव्हते.

पुढच्या वर्षीपासून आम्ही मागचे स्पीकर काढले. पुढचे दोन उभे, स्तंभासारखे स्पीकर जमिनीवरून उचलून आठ-नऊ फुटांवर नेले आणि त्यांची तोंडे किंचित खाली, शेवटच्या रांगेतल्या डोक्यांकडे वळवली. पूर्वी पहिल्या रांगेतली डोकीच बहुतेक वरचे स्वर गिळून टाकत असत. हे स्तंभ उभेच हवेत. एकावर एक बसवलेल्या लहान स्पीकरांचे तरंग समोर एका तालात पोहोचतात. वर आणि खाली मात्र प्रत्येकाचे अंतर निराळे पडून ते एकमेकांना खातात, आणि आवाज छतावर वाया जात नाही. मांडववाले पुष्कळदा हा स्तंभ सोयीसाठी आडवा ठेवतात, तेव्हा नेमके उलटे होते: कडेच्या खुर्च्यांना काही नाही आणि छताला सगळे. मायक्रोफोन नेहमी स्पीकरच्या मागे असावा, म्हणजे शिट्टी वाजत नाही. आणि चाचणी रिकाम्या सभागृहात घ्यावीच लागली, तर सर्व खिडक्या उघडून, सतरंज्या अंथरून, आणि निकालावर निम्माच विश्वास ठेवून घ्यावी.

तुमच्या शाळेच्या सभागृहाची परीक्षा घ्यायची असेल तर ‘ऐकू येतंय का?’ असे विचारू नका; त्याला सगळे ‘हो’ म्हणतात. एकाच अक्षराने वेगळे असलेले पन्नास शब्द निवडा: पाट, वाट, लाट, घाट, काठ, गाठ असे. ते मिसळून, सावकाश, प्रत्येक शब्दानंतर थांबून मायक्रोफोनवर वाचा. वाचणाऱ्याचे ओठ दिसणार नाहीत असे पाहा. पुढे, मध्ये आणि मागे बसलेल्या मुलांनी ते कागदावर लिहावेत, आणि मग प्रत्येक रांगेचे बरोबर शब्द मोजावेत. स्पीकर हलवा, तोंडे वळवा, पुन्हा नवी यादी वाचा. मागच्या रांगेचे गुण पुढच्या रांगेच्या जवळ आले की स्पीकरच्या पायांभोवती जमिनीवर रंगाने खूण करून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी मांडववाल्याला विचारावे लागणार नाही.